साडेनऊ गुणांचं कार्ड

भरतेश मगदूमनं आजवर एकाही ग्राफिक्स कार्डाला सातच्या वर गुण दिले नव्हते. त्याच्या व्हिडिओ-वाहिनीचं नावच मुळी 'खरडपट्टी'. तिथं कौतुक ऐकायला कुणी येत नसे. कार्डाचा पंखा जरा कुरकुरला, की भरतेश कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. तारेचं टोक तापलं, की ते कॅमेऱ्यासमोर धरून म्हणायचा, "हे ज्यानं डिझाइन केलंय ना, त्याच्या खिशात ठेवा की हे अर्धा तास." राजारामपुरीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बसून हा गडी मोठमोठ्या कंपन्यांना घाम फोडतो, असं त्याचे प्रेक्षक म्हणत, आणि भरतेशचं स्वतःबद्दलचं मतही याहून फारसं वेगळं नव्हतं.

म्हणून त्यानं वर्णांक कंपनीच्या नव्या घरकार्डाला साडेनऊ गुण दिले, तेव्हा लोकांनी तो व्हिडिओ दोन-दोनदा पाहिला.

"अर्धा गुण कापला, कारण खोक्याचा रंग भिकार आहे," भरतेश कॅमेऱ्याला सांगत होता. "बाकी शिव्या घालायला जागाच ठेवली नाही लेकाच्यांनी."

"अहो, झालं का तुमचं?" आतल्या खोलीतून त्याच्या बायकोचा, त्रिशलाचा आवाज आला. "माझं पुन्हा अडकलंय."

"झालं होतं. आता तुझ्या आवाजासकट झालं," भरतेश खेकसला. "पुन्हा करायला लागणार सगळं."

घरकार्ड ही तशी अलीकडची गोष्ट. पूर्वी प्रत्येक संगणकाच्या पोटात आपापलं कार्ड असायचं. पुढे चिपांचा बहुतेक माल जगभरातली प्रचंड संगणक-केंद्रं गिळायला लागली आणि घरांच्या वाट्याला आला उरलासुरला चुरा. मग कंपन्यांनी एका घराला एकच कार्ड द्यायला सुरुवात केली. विजेच्या मीटरशेजारी भिंतीवर एक खोकं, आणि घरातले सगळे पडदे त्याच्यावर चालणार. एवढ्याशा चिपकडून एवढं काम करून घ्यायचं, तर काटकसर आलीच. सेकंदाला शंभर चित्रं दाखवायची असतील, तर वीस खरोखर मोजून काढायची आणि मधली अंदाजानं भरायची, ही युक्ती जुनीच होती. वर्णांकनं त्यात एक भर घातली होती, 'पारख' नावाची नखाएवढी चिप. कुणाचं काम मोजून करायचं, कुणाचं अंदाजावर भागवायचं आणि कुणाला थोडं थांबवायचं, हे ही पारख ठरवायची. ती ते कशावरून ठरवते, याबद्दल पुस्तिकेत 'वापरणाऱ्याच्या गरजेनुसार' एवढंच लिहिलं होतं. भरतेशला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. त्यानं पडद्यावरचे आकडे मोजले, आणि ते आकडे बघून तो गार पडला होता.

त्रिशलाचं काम अंदाजावर भागणारं नव्हतं. ती हुपरीच्या चांदीच्या व्यापाऱ्यांसाठी पैंजणांचे आणि कमरपट्ट्यांचे साचे संगणकावर घडवायची. पैंजणातला प्रत्येक दाणा, दाण्यावरची प्रत्येक रेघ मोजूनच काढावी लागे, कारण पुढे त्याच आकृतीवरून यंत्र साचा कापायचं. जुन्या कार्डावर तिचा एक साचा तासाभरात तयार व्हायचा. नव्या कार्डावर सकाळी लावलेला साचा दुपारी जेवणं झाली तरी निम्म्यावर रेंगाळत होता. त्रिशला काही बोलत नसे. पडदा अडकला की ती हात मांडीवर ठेवून बसायची, नाहीतर उठून डाळ निवडायची. तिचा स्वभावच तसा होता. भाजीवाल्यानं किडका टोमॅटो घातला, तर ती घरी येऊन किडका भाग कापून टाकायची आणि उरलेला वापरायची.

भरतेश पाय आपटत आतल्या खोलीत आला आणि त्यानं तिला खुर्चीतून उठवलं. स्वतः बसला, माऊस टेबलावर आपटला, दोन बटणं दणादण दाबली. पडद्यावरचं पैंजण गर्रकन फिरलं. दाणे पटापट भरत गेले.

"हे बघ. काय झालंय याला? लोण्यासारखं चालतंय."

"आत्ता चालतंय," त्रिशला म्हणाली. "मी बसले की चालत नाही हो."

"मग कार्डात दोष नाही. खुर्चीत कोण बसतं त्यात आहे."

तो उठून गेला. त्रिशला बसली, आणि जरा वेळानं पैंजण पुन्हा अडकलं. यावेळी तिनं हाक मारली नाही.

असं एकदा नाही, रोज व्हायला लागलं. तो आला की यंत्र पळायचं आणि तो गेला की बसकण मारायचं. त्रिशलाला स्वतःचीच शंका यायला लागली. आपण नको ते बटण दाबतो की काय म्हणून ती एकेक बोट जपून टेकवायला लागली, आणि यंत्र आणखीच ढेपाळलं.

तिकडे भरतेशच्या व्हिडिओखालीही कुरबुर सुरू झाली होती. आमच्याकडे कार्ड संथ चालतं, आजोबांचा पडदा तर हलतच नाही, असं लोक लिहीत होते. भरतेशनं त्या सगळ्यांना एका झटक्यात वाटाण्याच्या अक्षता लावल्या. "जगातल्या झाडून सगळ्या समीक्षकांनी या कार्डाला नऊच्या वर गुण दिलेत," तो कॅमेऱ्यात बोट रोखून म्हणाला. "तुमच्याकडं चालत नसेल, तर कार्ड बदलू नका. स्वतःला बदला."

त्याच सुमाराला हुपरीहून पारिसा शेटेंचा फोन आला. शेटे हे त्रिशलाचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. माणूस गोड बोलणारा, पण आज त्यांचा सूर निराळा होता.

"वहिनी, लगीनसराई तोंडावर आलीया. तुमचं आज देते, उद्या देते किती दिवस ऐकायचं? शनवारपर्यंत कमरपट्ट्याचे साचे आले तर आले. न्हाईतर मी दुसरीकडं बघतो, आणि मग कायमचंच बघतो. राग मानू नका."

त्रिशलानं फोन ठेवला आणि ती थेट भरतेशपुढे येऊन उभी राहिली.

"आपलं जुनं कार्ड माळ्यावर आहे ना? चार दिवस ते लावा. शेट्यांचं काम गेलं तर माझ्याकडं काही उरत नाही."

"जुनं कार्ड?" भरतेश म्हणाला. "ज्याला मी पाच गुण दिले ते? आणि उद्या कुणीतरी येऊन फोटो काढला, की भरतेश मगदूमच्या भिंतीवर काय आहे बघा, तर?"

"कोण येतंय फोटो काढायला?"

"विषय संपला."

त्रिशला आत गेली. तिला रडू आलं नाही, नुसती लाज वाटली, आणि कशाची ते तिलाच सांगता आलं नसतं.

भरतेशला त्याच आठवड्यात वर्णांकच्या आणि दुसऱ्या दोन कंपन्यांच्या कार्डांची तुलना करायची होती. या धंद्यात तुलनेचा एक दंडक असतो, आणि भरतेश तो देवाच्या सोवळ्यासारखा पाळायचा. कार्ड सोडून काहीही बदलायचं नाही. तोच खेळ, तोच पडदा, तीच तार, खोलीत एसी ठरलेल्या अंशावर. प्रत्येक चाचणी पुन्हा पुन्हा करायची आणि सरासरी काढायची. म्हणजे आकड्यात जो फरक पडेल, तो कार्डाचाच.

पण त्याला सडकून सर्दी झाली. डॉक्टरांच्या गोळ्यांनी नाक थांबलं नाहीच, वर डोळे पेंगायला लागले. तशाच अवस्थेत तो चाचणीला बसला. बोटं बटणांवर हळूहळू फिरत होती. खेळात गोळी लागून मेला तरी त्याला काही वाटेना. आणि आकडे बघतो तर काय, निम्म्याहून खाली. साडेनऊ गुणांचं कार्ड बैलगाडीच्या चालीनं चाललं होतं. त्यानं तार बदलली. एसी वाढवला, कमी केला. कार्ड काढून, फुंकर मारून पुन्हा बसवलं. आकडे हलेनात. शेवटी तो खुर्चीत मागं टेकला आणि शिंकला. खोलीत एकच गोष्ट बदलली होती, आणि तिचं नाक गळत होतं.

दुपारची गोळी त्यानं घेतली नाही. व्हिडिओखालच्या प्रतिक्रिया उघडून वाचत बसला. राग यायला फार वेळ लागला नाही. कुणीतरी त्याला 'विकला गेलेला' म्हटलं होतं. रक्त तापल्यावर त्यानं तीच चाचणी पुन्हा लावली, माऊस आपटला, यंत्राच्या आईबापांचा उद्धार केला. आकडे सरसर चढत पहिल्या जागी जाऊन बसले.

त्याला त्रिशलाचा जपून टेकलेला हात आठवला. क्षणभर त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तसं वाटून घ्यायची सवय नसल्यामुळे त्यानं तो क्षण घाईनं रागात बदलला आणि वर्णांकला फोन लावला.

कार्डाची रचना ज्यांच्या हाताखाली झाली, त्या मानसी टिपणीस पुण्यात बसत. त्यांनी त्याचं सगळं बोलणं मध्ये न बोलता ऐकून घेतलं.

"बरोबर ओळखलंत तुम्ही," त्या म्हणाल्या. "पारख माणसाचा उतावळेपणा मोजते. बटण किती जोरात दाबलं, अडकल्यावर किती लवकर पुन्हा दाबलं, आवाज किती चढला, श्वास किती जलद झाला. चार-पाच सेकंदांत तिला अंदाज येतो."

"आणि जो गप्प बसतो त्याची मान कापता?"

"कापत नाही. थांबवतो. मगदूम, चिप आम्हाला अर्धीच मिळते. अर्ध्या चिपवर अख्खं घर चालवायचं, तर कुणीतरी थांबणार. मग कोण थांबेल? ज्याला थांबता येतं तो. त्याची तक्रारही येत नाही."

"ही चोरी आहे, बाई! तुम्ही लोकांना फसवताय!"

"तुमचा आवाज चढला की मला बरं वाटतं," टिपणीस शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही ओळखीचे वाटता. पारखला शिकवलंय कुणी, माहीत आहे? तुम्ही. तुम्ही आणि तुमच्यासारखे दीडशे समीक्षक. तुमच्या चाचण्यांचे व्हिडिओ तिला दाखवले. मागच्या कार्डात आम्ही घरातल्या सगळ्यांना सारखा वाटा दिला होता. त्याला तुम्ही पाच गुण दिलेत आणि म्हणालात, 'समोर मी बसलोय हे या दगडाला कळत नाही का?' त्या एका वाक्यावर आमच्याकडं तीन बैठका झाल्या. आता कळतं त्याला."

भरतेश पुन्हा ओरडणार, तोवर टिपणीसबाईंनी फोन ठेवला होता.

शुक्रवारी सकाळी तो आतल्या खोलीत कॅमेरा लावत होता. त्रिशलाला त्यानं सगळं सांगितलं होतं. ऐकून तिनं एकच विचारलं होतं, "म्हणजे माझं काही चुकत नव्हतं?"

"नव्हतं."

"मग आता तरी जुनं लावा की. शेट्यांना उद्या साचे द्यायचेत."

"लावतो. आधी पुरावा होऊ दे. मी ओरडलो तर लोक म्हणतील, हा रोजच ओरडतो. तुझ्यासारखी गरीब बाई ओरडली आणि आकडे चढले, तर त्यांचं तोंड बंद होईल. एवढं कर. संध्याकाळी कार्ड बदलतो."

कॅमेरा सुरू झाला. कमरपट्ट्याचा साचा नेहमीप्रमाणे अडकला होता. त्रिशलानं पडद्याकडं पाहिलं आणि ती म्हणाली, "चल की रे."

"अगं, मोठ्यानं."

"चल! चल म्हणते ना!"

आकडा जरासा हलला आणि परत बसला. त्रिशला कसनुसं हसली. "जमत नाही हो मला. बिचाऱ्या यंत्रावर काय ओरडायचं?"

भरतेशला घाई झाली होती. इतका सोपा पुरावा, आणि या बाईला साधं ओरडता येत नाही. "एवढंच जमतं तुला?" तो म्हणाला. "म्हणून तर जगात कुणी हिंग लावून विचारत नाही. शेटे काय, मी काय, खोकं काय."

त्रिशलानं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. मग तिनं दोन्ही हात बटणांच्या फळीवर आपटले.

"कोण विचारत नाही?" ती म्हणाली, आणि तो आवाज भरतेशनं या घरात कधी ऐकला नव्हता. "तू विचारत नाहीस! तुला पंख्यातली बारीक कुरकुर ऐकू येते. शेजारच्या खोलीतून बायको हाक मारते ती ऐकू येत नाही! माझ्या आईचं ऑपरेशन होतं त्या दिवशी तू तारा जोडत बसला होतास. मी एकटी गेले. काही बोलले नाही, तर तुला वाटलं चालतंय हिला! रोज इथं येऊन मला खुर्चीतून उठवलंस, मूर्खात काढलंस. मी स्वतःच्या बोटांना घाबरायला लागले, बोटांना! आणि काम माझं जात होतं, तेव्हा तू काय बघितलंस? तुझे साडेनऊ गुण!"

तिच्या मागं पडद्यावर कमरपट्टा वेगानं घडत होता. पहिला साचा पुरा झाला, दुसरा सुरू झाला. आकडा भरतेशच्या सगळ्या आकड्यांना मागं टाकून गेला होता. त्रिशलानं मागं वळून ते पाहिलं. ती एखादी गोष्ट नीट समजून घेत असावी तशी दोन क्षण बघत राहिली.

"अगं, पुरे," भरतेश म्हणाला. "झालं रेकॉर्ड."

"तुझं झालं असेल. बस तिथं. माझं अजून व्हायचंय."

तो बसला. दुपार व्हायच्या आत शेट्यांचे सगळे साचे तयार झाले.

भरतेशनं स्वतःबद्दलचा भाग कापून व्हिडिओ टाकला. हे कार्ड परत करा, ही कंपनी तुमच्या सोशिकपणावर पोट भरते, असं त्यानं कळवळून सांगितलं, आणि यावेळी तो कळवळा खरा होता. व्हिडिओ जगभर फिरला. पण कार्ड कुणी परत केलं नाही. लोक ओरडायला लागले. काम लवकर उरकायचा इतका सोपा उपाय हाती आल्यावर कोण थांबतो? खालच्या मजल्यावरचे बँकेतले निवृत्त साहेब पडद्याला शिव्या देऊ लागले. समोरच्या घरातल्या दोघी बहिणी एकमेकींपेक्षा मोठ्यानं किंचाळू लागल्या, कारण वाटा एकच होता. यंत्रावर चढलेला आवाज जेवायला ताटावर बसलं तरी खाली येत नसे. वर्णांकनं 'हक्कानं मागा' अशी जाहिरात काढली, आणि वर्षभरात बाकीच्या कंपन्यांनीही आपापल्या कार्डात पारख बसवली. कुठल्या कार्डावर किती कमी ओरडावं लागतं, याची तुलना करणारे व्हिडिओ निघाले. भरतेशनं मात्र एकही केला नाही. कॅमेऱ्यासमोर बसलं, की त्याचा आवाजच चढेना.

त्रिशलाचं काम दुप्पट झालं. शेटे आता फोनवर, "वहिनी, तुमच्या सवडीनं द्या, गडबड न्हाई," म्हणायचे. भाजीवाला तिला टोमॅटो निवडून द्यायचा. जुनं कार्ड लावायचं ती बोलली नाही, आणि भरतेशनंही तो विषय काढला नाही. 'अहो' हा शब्द या घरात त्या शुक्रवारनंतर कुणी ऐकला नव्हता. भरतेशला त्या एका हाकेची इतकी आठवण यायची, की कधीकधी तो आतल्या खोलीच्या दाराशी उगाच उभा राहायचा.

एका रविवारी ती बाजारात गेली असताना त्यानं माळ्यावरून जुनं कार्ड काढलं, पुसलं आणि मीटरशेजारी बसवलं. सगळ्यांना सारखा वाटा देणारं, माणूस न ओळखणारं पाच गुणांचं कार्ड. वर्णांकचं खोकं त्यानं भंगारवाल्याला देऊन टाकलं. त्याला फार दिवसांनी हलकं वाटलं. आता तिला ओरडायचं कारणच उरणार नव्हतं.

त्रिशला आली आणि कामाला बसली. घटकाभर घर अगदी शांत होतं. आणि मग आतून तोच चढा, कडक आवाज आला. शब्द नीट कळले नाहीत, पण टेबलावर हात आपटल्याचं ऐकू आलं.

भरतेश घाईघाईनं आत गेला. पडद्यावर पैंजण संथ, एका लयीत फिरत होतं.

"अगं, कार्ड बदललंय मी," तो जवळजवळ विनवणीच्या सुरात म्हणाला. "हे जुनं आहे. याच्यावर ओरडून काही होत नाही. याला कळतच नाही."

"माहीत आहे मला. आल्या आल्या बघितलं," त्रिशला पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "ते चाललंय व्यवस्थित. मी तुझ्यावर ओरडतेय. मघाशी चहा सांगितला होता. पहिल्यांदा हळू सांगितला."

भरतेश तसाच मागं फिरला, स्वयंपाकघरात गेला आणि त्यानं गॅसवर चहाचं आधण ठेवलं.